माझा गॅस संपलेला नव्हता

बोलतोय तो मी. मागं वळून बघू नका, मागं कोणी नाही. पुढं, काचेखाली, वारा यायच्या चार जाळ्या आहेत ना, त्यांच्या आत मी असतो. गाडीतला एसी. जतच्या अलीकडून मिरजेला दर मंगळवारी आणि शुक्रवारी जी पांढरी गाडी जाते, तिच्यातला.

मला शिक्षण नाही. माझ्या अंगावर एक कागद चिकटवलाय, त्यावर काय लिहिलंय ते आजवर कळलं नाही. पण माणसं कळतात. गाडीत बसून दार लावलं की माणसाला वाटतं, आता आपलं कोणी ऐकत नाही. नऊ वर्षं मी ऐकतोय. त्यामुळं कोणावर विश्वास म्हणून ठेवत नाही. तुमच्यावरही नाही. तरी सांगतो, कारण माझ्यावर चार महिने आळ घेतला, आणि तो खोटा होता.

आधी मी कसा आहे ते समजून घ्या. माझं काळीज इंजिनाजवळ आहे, त्याला कंप्रेसर म्हणतात. छाती डॅशबोर्डच्या मागं एका अंधाऱ्या पेटीत आहे. पातळ पत्र्यांची, कंगव्याच्या दातांसारखी. तिला कॉइल म्हणतात. काळीज गॅस ढकलतं, छाती गार पडते, पंखा तिच्यातून वारा मारतो आणि तो गार वारा तुमच्या तोंडावर येतो. एवढंच. एवढंही ज्यांना ठाऊक नाही तेच मला नावं ठेवतात.

पुण्याकडच्या कारखान्यात मला जोडलं. जोडणारीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, तिचं लक्ष घड्याळात होतं. तिथून मी गेलो कोरेगावकडं, आप्पासो सुभेदारांच्या दारात. फौजेतून आलेला माणूस. घरचा ऊस, दारात दोन नारळ, आणि जगावर संशय. गाडी धुवायला दिली तरी खुर्ची टाकून समोर बसायचे.

मला ते महिन्याच्या एक तारखेला चालू करायचे. दहा मिनिटं. घड्याळ लावून. बाकी दिवस काचा खाली.

"आवं, लावा की जरा गार," त्यांची बायको अंबूबाई म्हणायची.

"गरज काय? साताऱ्याची हवा हाय ही. लोक पैसे मोजून येत्यात खायला."

वर्षातून दोनदा नातीला पाचगणीच्या शाळेत सोडायला जायचे. त्या थंडीत मला कोण विचारतंय!

त्यांचं एक खूळ मात्र सांगायला पाहिजे. माझ्याजवळ एक दांडी असते. डावीकडं सारली की गाडीतलीच हवा फिरवायची, उजवीकडं सारली की बाहेरची आत ओढायची. आप्पासोंच्या मते बंद हवेत माणूस सडतो. त्यांनी ती दांडी उजवीकडं सारली आणि वर काळी चिकटपट्टी मारली. कोणी हलवू नये म्हणून. आठ वर्षं मी कोरेगावची हवा नाकानं ओढत बसलो. चांगली हवा होती, खोटं कशाला बोलू.

मग त्यांची नजर अधू झाली आणि गाडी नाथाजींनी घेतली.

नाथाजी चाळीस वर्षं मेंढरांमागं फिरलेला धनगर. आता कळप गेला, थोडं डाळिंब लावलंय. गाडी हौसेनं घेतली नव्हती. त्यांच्या बायकोच्या, मनुबाईच्या, किडन्या थकल्या होत्या. आठवड्यातून दोनदा मिरजेच्या दवाखान्यात तिला यंत्राला जोडतात आणि रक्त धुतात. चार तास. जायला दोन, यायला दोन.

आणि त्याहून वाईट म्हणजे पाणी. दिवसाला तीन पेले, वर घोट नाही. जास्त झालं की ते पाणी अंगात साठतं आणि दम लागतो. डॉक्टरांनी नाथाजींना बजावलं होतं, "बाईंना तापू देऊ नका. घाम आला की तहान लागणार, तहान लागली की पाणी पिणार. गाडीत एसी पाहिजेच." कागदावर माझं नाव नव्हतं, पण औषधांत मी होतो. जन्मात पहिल्यांदा कोणाला माझी गरज पडली.

गाडी देताना आप्पासोंनी दांडीवरच्या पट्टीला बोट लावून सांगितलं, "ही काढायची न्हाई. पेशंटला ताजी हवा. फौजेत आमी हेच करायचो."

"न्हाई काढत," नाथाजी म्हणाले. आणि काढली नाही.

गाडी चालवायची मनुबाईच्या भावानं, तानाजीनं. नाथाजींना चालवता येत नाही. ते पुढं बसतात आणि ब्रेक नसलेल्या जागी पाय दाबतात.

पहिल्या मंगळवारी निघायच्या आधी मला आवाज आला, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" मग बॉनेटवर एक थाप. मग काचेच्या पायथ्याला, वायपरखाली जी जाळी असते, तिच्यावर काहीतरी भुरभुर पडलं. पंखा लागला तशी ती भूर माझ्या छातीवर येऊन बसली. अंधारात मला दिसतंय काय? मला वाटलं, जतच्या रस्त्याची धूळ.

तो भंडारा होता. हळद. नाथाजी बायको सुखरूप परत यावी म्हणून दर खेपेला देवाच्या नावानं तो गाडीवर उधळायचे. नेमका त्या जाळीवर, जिथून मी श्वास घेतो. आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं तुम्ही माझ्यावर शंका घेणार नाही. पण ते कोणाला ठाऊक नव्हतं. मलाही नाही.

दोन-तीन महिने बरे गेले. मनुबाई मागच्या सीटवरून पुढं वाकून, डोळे मिटून जाळीसमोर तोंड धरायची. "माझं पानी हितं हाय," म्हणायची. मी पडेल ते काम करत होतो. फक्त एकदा ती म्हणाली, "गाडीत देवळागत वास येतोय." नाथाजी खूश झाले. म्हणाले, "येनारच की. देव हाय सोबत." खूश व्हायच्या ऐवजी जरा वाकून बघितलं असतं तर!

मग मला दम लागायला लागला. निघताना वारा गार असायचा. कवठेमहांकाळ येईतोवर बारीक व्हायचा. मिरजेत शिरताना पंख्याची नुसती घरघर, वारा नाही. छातीवर थर साचला होता, त्यात ओल धरायची आणि ओलीचा बर्फ व्हायचा. वाऱ्याला जायला फटच राहिली नव्हती. आत मी बर्फ झालो होतो आणि बाहेर मनुबाई घामानं निथळत होती.

तिला मिरजेत ऋषिराजच्या दुकानात नेलं. तिला म्हणजे गाडीला. ऋषिराज एसीचं काम करतो. कानात वायर, खांद्याला मोबाईल. बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाला, "गॅस कमी हाय काका."

माझा गॅस संपलेला नव्हता. पण मला विचारतो कोण? जेवलेल्या माणसाला धरून वर भाकरी चारावी तसा त्यानं गॅस भरला. आणि झालं काय, तोवर गाडी चार तास उभी होती, बर्फ वितळला होता, म्हणून परत निघताना वारा गार आला. सगळे म्हणाले, बघा, गॅसच कमी होता. गावाजवळ येतोय तोवर पुन्हा घरघर.

तीनदा भरला. ऋषिराज चोर नव्हता हो. घाईत होता. चोरानं केलं असतं तेवढंच नुकसान घाईनं केलं. जास्तीच्या गॅसनं माझं काळीज धडधडायला लागलं आणि मधेच आपोआप बंद पडायला लागलं. चौथ्या खेपेला ऋषिराज म्हणाला, "कंप्रेसर गेला. बदलावा लागंल."

आता नाथाजींची नजर बदलली. घरी आल्यावर त्यांनी तानाजीला बॉनेट उघडायला लावलं आणि एक डबा आणला. कळपातल्या मेंढरांवर खूण करायचा तांबडा रंग. दुसऱ्याच्या कळपात आपलं मेंढरू गेलं तर ओळखावं म्हणून लावतात तो. त्यांनी माझ्या कंप्रेसरला एक पट्टा मारला. पाइपांना मारला. पंख्याला मारला.

"दाजी, ह्ये काय?" तानाजी म्हणाला.

"चांगला भाग काढून आपल्याला जुना लावत असंल त्यो. आता लाव म्हनावं. माझं मेंढरू मी ओळखीन."

"मेंढरू न्हाई, मशीन हाय त्ये."

"तू गप. तुजं काय जातंय? चार तास गाडीत एसी लावून फोनवर बोलत बसतोस. आमच्या वाटचा गारवा तिथंच खातोस."

"गारवा काय डब्यातली भाकरी हाय व्हय, खाल्ली की संपायला?"

मला हसू आलं असतं. पण हसायला श्वास लागतो.

आणि या सगळ्यात नाथाजींची मूठ वाढत चालली होती. हे मला मागून कळलं. आधी चिमूट होती. एसी बिघडला, मनुबाईला त्रास व्हायला लागला, तशी मूठ झाली. मग दोन मुठी. मी जेवढा गुदमरलो तेवढा जास्त भंडारा माझ्यावर पडला. त्यांना वाटत होतं देव कमी पडतोय.

मग एप्रिलातला तो शुक्रवार. दवाखान्यातून परतताना ऊन असं की पत्र्याला हात लाववेना. मनुबाईचे दोन पेले सकाळीच झाले होते, तिसरा तिनं दवाखान्याच्या पायरीवर संपवला. वाटेत तानाजी पंक्चर बघायला उतरला. नाथाजीही उतरले. मी आणि ती, दोघंच गाडीत. तिनं पुढं वाकून दोन्ही हातांनी जाळी चाचपली. माझ्याकडं द्यायला काही नव्हतं. मग तिनं तानाजीची बाटली उचलली आणि आख्खी प्याली. एका दमात. बाटली सीटखाली सरकवली.

घरी पोचायच्या आत तिला धाप लागली. गाडी तशीच मिरजेला माघारी फिरवली. दोन दिवस तिला ठेवून घेतलं. डॉक्टर रागावले. परत येताना ती खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "मी आता मिरजेला यायची न्हाई."

"असं कसं?" नाथाजी म्हणाले.

"ह्या भट्टीत बसून जाऊन रगत धुवायचं, आन् येताना तहानंनं मरायचं. त्यापरास घरी मरते. छपरात तरी सावली हाय."

मला वाटलं, हिच्या जिवाचं आता माझ्या छातीवर आलंय, आणि ही सगळी माणसं एकमेकांकडं बघतायत. माझ्याकडं कोणी बघत नाही.

घरी उतरल्या उतरल्या नाथाजींनी तानाजीला धरलं. "बाटली कशाला ठिवली गाडीत?"

"मी ड्रायव्हर हाय, मला तहान लागत न्हाई?"

"सगळं तुमी मिळून करताय. त्यो ऋष्या, तू, त्यो सुभेदार."

"ऱ्हाऊ द्या," तानाजी म्हणाला. "मंगळवारी गाडी चालवीन, त्ये आक्कासाठी. तुमच्याशी बोलनार न्हाई."

नाथाजींनी मग कोरेगावला फोन लावला. माझ्या समोरच्या सीटवर बसून. "आवं सुभेदार, आजारी गाडी घातली व्हय आमच्या गळ्यात? तुमाला ठाऊक हुतं न्हवं?"

पलीकडून आप्पासोंचा आवाज फुटला. "काय म्हनलास? मी फसवलं? सोमवारी येतो. एसटीनं येतो. माझ्यासमोर बोल."

आणि खरंच आले. सोमवारी रात्री मुक्कामाला, काळा चष्मा लावून. त्यांच्या समोर मनुबाईला नाही म्हणता आलं नाही. पाहुण्यासमोर घरची रड कशी करायची? त्या एका लाजेपायी ती गाडीत बसली. म्हणाली, "ही शेवटची खेप."

नाथाजींनी त्या दिवशी तीन मुठी टाकल्या.

वाटेत आप्पासो एकच गोष्ट बोलले. दांडीवरच्या पट्टीला हात लावून बघितला आणि म्हणाले, "पट्टी हाय जागेवर. माझ्याकडनं कसूर न्हाई." नाथाजी म्हणाले, "माझ्याकडनं पन न्हाई." तानाजीनं गिअर असा टाकला की त्याचा राग मला कळला.

मनुबाईला यंत्राला जोडलं आणि नाथाजी, आप्पासो दोघांना घेऊन तानाजीनं गाडी वळवली. दवाखान्याच्या गेटवरच्या माणसानं त्याला माधवनगरचे बाळासो सांगितले होते. पत्र्याची शेड, दारात कडुनिंब. हे बाळासो तरुणपणी तिथल्या कापडगिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली, मग एसीच्या कामात आले. चार तास होते. तेवढ्यात व्हायला पाहिजे होतं.

त्यांनी बॉनेट उघडलं नाही. माझे तांबडे पट्टे बघितले नाहीत. गॅसचं नाव काढलं नाही. खिशातून सुताचा एक तुकडा काढला, पंखा पुरा लावला आणि तो धागा माझ्या जाळीसमोर धरला. धागा जरासा हलला आणि लोंबला.

"हवाच येईना, तर गार काय येनार?" ते म्हणाले. "गिरणीत असंच व्हायचं. कापसाचा फुफाटा जाळीत बसायचा. आमी रोज झाडायचो, म्हनून यंत्र चालायचं. कुनी बघितलं का आत?"

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. पहिल्यांदाच संशयानं नव्हे.

बाळासोंनी पुढचा कप्पा काढला. मागची पेटी उघडली, पंखा बाहेर ओढला. कारखान्यानंतर पहिल्यांदा माझ्या छातीवर उजेड पडला. त्यांनी आत बॅटरी मारली आणि बोटानं ओरबाडलं. हातात पोळीएवढा पिवळा जाड थर आला. नाथाजींच्या खांद्यावरच्या घोंगड्याची लव त्यात गुंतलेली.

"ह्ये काय? हळद?"

नाथाजींनी तो थर हातात घेतला. वास घेतला.

"भंडारा," ते म्हणाले. "माझा."

तानाजी दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलला. "दाजी, गाडीत चोर शोधत हुता. देव घावला."

"हसू नगं रं."

"पन ह्यो आत आला कसा?" बाळासो म्हणाले. "बाहेरची हवा कुनी लावून ठिवली? ही पट्टी कुनाची?"

आता सगळे आप्पासोंकडं बघायला लागले. आप्पासोंनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. मग वाकले, नखानं पट्टीचं टोक शोधलं आणि ओढून काढली. आठ-दहा वर्षांची पट्टी, सहजासहजी निघाली नाही. "फौजेत," ते म्हणाले, आणि पुढं काय बोलायचं ते विसरले.

बाळासोंनी मला ब्रशानं घासलं, पाण्यानं धुतलं. गाडीखालून पिवळं पाणी वाहायला लागलं, गटाराकडं. तसे नाथाजी धावले. डोक्याचा पटका सोडला आणि पाण्याला आडवा घातला. "गटारात जायला नगं. पायदळी यायला नगं." बाळासोंनी घमेलं आणून दिलं. नाथाजींनी जमेल तेवढं पाणी त्यात भरलं आणि कडुनिंबाच्या बुडाशी नेऊन ओतलं. पटका पिवळा झाला तो झालाच.

जास्तीचा गॅस मोजून काढला. कंप्रेसरला काही झालं नव्हतं. मी आधीच सांगितलं होतं. धागा पुन्हा धरला, तो आडवा उडाला. बाळासोंनी दांडी डावीकडं सारली आणि म्हणाले, "तापलेल्या गाडीत आधी पाच मिनिटं काचा उघड्या ठेवा, मग ही अशी. आन् देवाचं काय करायचं त्ये बघा तुमचं तुमी."

मनुबाई दवाखान्यातून बाहेर आली तेव्हा वाळलेली, पांढरी पडलेली होती. तिच्याकडं अजून एक पेला पाणी बाकी होतं आणि तिचा जीव त्याच पेल्यात होता. गाडीत बसली. मी दिलं जे होतं ते सगळं. तिनं जाळीपुढं केलेला हात आधी मागं घेतला. विश्वास बसेना. बरोबर केलं, बसायला नकोच एकदम.

सांगोल्याकडं वळणाऱ्या फाट्याजवळ नाथाजी पुढं बघत म्हणाले, "तानाजीचं काय न्हवतं. सुभेदारांचं पन न्हवतं. मीच."

"काय तुमीच?"

त्यांनी सांगितलं. चिमूट, मूठ, दोन मुठी, सगळं. सांगताना एकदाही मागं बघितलं नाही.

मनुबाई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सात म्हैनं गाडीला मुठीमुठीनं लावलासा. माझ्या कपाळाला एकदा तरी बोट लावलंसा का?"

तानाजीनं आरसा बघायचं सोडून दिलं. नाथाजींनी कंबरेची भंडाऱ्याची पिशवी काढली, उघडली, बंद केली. "गाडी थांबव रं," म्हणाले. रस्त्याकडेला उतरले, मागचं दार उघडलं आणि तिच्या कपाळाला भंडारा लावला. थोडा नाकावरही सांडला.

"दार लावा," ती म्हणाली, "गार जातंय."

घरी पोचल्यावर ती तिसरा पेला घेऊन उंबऱ्यावर बसली. घोट घोट घेत, रस्त्यावरच्या शेळ्या बघत प्याली. अर्धा ठेवला, जेवल्यावर घेईन म्हणाली. शुक्रवारी पहाटे कोणी सांगायच्या आधी गाडीत येऊन बसली होती. शेवटच्या खेपेचं नाव तिनंही काढलं नाही आणि बाकीच्यांनीही नाही.

आप्पासो दुसऱ्या दिवशी एसटीनं परतले. नाथाजींनी डाळिंबाची पिशवी दिली. त्यांनी स्टँडवर उभं राहून एकेक डाळिंब दाबून बघितलं. तानाजीनं हे परत आल्यावर गाडीत सांगितलं. माणूस बदलत नाही.

मीही बदललो नाही. अजून पंखा लागला की आधी वास घेतो. नाथाजी निघायच्या आधी काचेच्या पायथ्याची जाळी फडक्यानं पुसतात. चांगलं करतात. तरी माझं लक्ष असतं. मनुबाईला कधीकधी वाटेत थंडी वाजते, तेव्हा मला कमी करतात, आणि मी मनात म्हणतो, आता हे पण माझ्यावर आलं.

किती दिवस चालेन सांगता येत नाही. माझं काळीज जुनं झालंय, तिच्या किडन्या तर कामाच्याच नाहीत. मी कोणाला शब्द देत नाही. पण एक सांगतो. तुमच्या गाडीत कोणी माझ्यासारखा असेल आणि तो वारा देईनासा झाला, तर त्याच्या पोटात गॅस कोंबायच्या आधी, शेजाऱ्यापाजाऱ्याला चोर ठरवायच्या आधी, त्याची छाती एकदा उघडून बघा. बघायला फार वेळ लागत नाही. सात महिने लागत नाहीत.

आज मंगळवार. ती बसली आहे, तानाजीनं किल्ली फिरवली आहे. तुम्ही उतरा आता. मला काम आहे.